पांढऱ्या टेबलांवर माझे काळे डबे

धाकट्या भावाचं लग्न उरकून मी गावाहून परतले, बॅग घरात टाकली आणि तशीच आमच्या कॉम्प्युटर क्लासवर गेले. तर क्लास ओळखू येईना. इमारत तीच होती, चाकणच्या मुख्य रस्त्यावरची. खाली रुंद गाळा आणि वर माझ्या मैत्रिणीच्या सासरचं घर. पण गाळ्यावरचा आमचा लाल-पिवळा बोर्ड गेला होता. त्या जागी पांढरी पाटी आली होती आणि तिच्यावर राखाडी रंगात इतकी बारीक इंग्रजी अक्षरं, की वाचायला रस्ता ओलांडून जावं लागावं. आत भिंती पांढऱ्या, टेबलं पांढरी, आणि टेबलांवर बोटभर जाडीचे पांढरे स्क्रीन ओळीनं उभे. वायर म्हणाल तर एकही दिसत नव्हती.

माझी मशीन कुठंच नव्हती.

मैत्रिणीची सासू मागच्या दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला सरकवलं.

"मागं शेडात ठिवलीत गं," ती म्हणाली. "मी सुनंला म्हनलं, तिला येऊ दे, तिला इचार. पर आमचं कोन ऐकतंय?"

शेडमध्ये कांद्याच्या गोण्यांना टेकून माझे सगळे सीपीयू एकावर एक रचले होते. काळे, जड, पत्र्याचे डबे. त्यांच्या वायरी एका पोत्यात कोंबल्या होत्या. शेळी त्याच शेडात बांधलेली असायची, आणि वरच्या दोन डब्यांवर तिच्या लेंड्या वाळल्या होत्या. मी त्या हातानंच झटकल्या. रडू आलं नाही. कानशिलं मात्र तापली, आणि ती पुढे बरेच महिने तशीच तापलेली होती.

ही मैत्रीण मला आमच्या मुलींच्या शाळेच्या फाटकावर भेटलेली. ती पुण्यात वाढलेली, इथल्या जुन्या शेतकरी घराण्यात सून होऊन आलेली. मी परळीकडची. नवऱ्याच्या कंपनीमुळे चाकणला आलेली. लेक पोटात असेपर्यंत मी गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात लाइनवर होते. मोठ्या लाकडी बोर्डावर रंगीत वायरी खिळ्यांमधून ओढायच्या, गुंडाळायच्या, टोकाला कनेक्टर बसवायचा. काम सुटलं, पण वायरींचं प्रेम राहिलं. मग मी हार्डवेअरचा कोर्स केला. आयटी कंपन्या जुनी मशीन लिलावात काढतात, ती उचलायची, उघडायची, साफ करायची, जे गेलंय ते बदलायचं आणि पुन्हा उभं करायचं. असं एकेक करून मी क्लासपुरते कॉम्प्युटर जमवले. जागा तिची, मशीन माझी, शिकवायचं दोघींनी, अशी आमची भागीदारी ठरली. कागद केला नाही. एका ताटात पोहे खाणाऱ्या बायका कागद कशाला करतील? माझी लेक डेंग्यूनं दवाखान्यात होती तेव्हा ही बाई माझ्यासोबत बाकड्यावर बसून राहिली होती. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

आमच्यात खटका उडायला सुरुवात झाली ती तिच्या मावसभावाच्या ऑफिसपासून. तो हिंजवडीजवळच्या माण गावात, आयटी पार्कात. तिथं ती एकदा जाऊन आली आणि दोन दिवस क्लासमध्ये नुसती इकडं तिकडं बघत राहिली.

"तिथं टेबलावर काहीच नाही गं," ती म्हणाली. "एक स्क्रीन, एक कीबोर्ड. बस. आवाजसुद्धा नाही. आपल्याकडे बघ, पिठाची गिरणी चालू असल्यासारखं वाटतं."

"पंख्यांचा आवाज आहे तो. मशीन थंड ठेवतात."

"आणि ह्या वायरी? त्या दिवशी त्या मुलीची ओढणी अडकली, मॉनिटर खाली आला. तिच्या पायावर पडला असता म्हणजे?"

हे तिचं बरोबर होतं. मी वायरी बांधून घेतल्या. पण तिला बांधलेल्या वायरी नको होत्या, तिला वायरीच नको होत्या.

"आपल्याकडे येणाऱ्या मुली आधीच घाबरलेल्या असतात," ती म्हणायची. "घरात पहिल्यांदाच कोणी कॉम्प्युटरला हात लावतंय. समोर एवढा मोठा डबा, दिवे लुकलुकतायत, मागे वायरींचं जंजाळ. कसं वाटत असेल त्यांना? काही दिसलंच नाही तर भीती कशाची वाटणार?"

"उलटं आहे," मी म्हणायचे. "झाकलेल्याची भीती वाटते. मी पहिल्या दिवशी झाकण उघडून दाखवते. हा पंखा, ही मेमरी, ही डिस्क. बघितलं की पोरी हसतात. आत एवढंच असतं होय मॅडम, म्हणतात."

"सगळ्यांना मेकॅनिक नाही व्हायचं."

"आणि सगळ्यांना माणच्या ऑफिसात पण नाही बसायचं. कुणी स्टोअरमध्ये लागेल, कुणी वजनकाट्यावर. तिथं असलेच डबे असतात, धुळीनं भरलेले. बटण कुठं आहे ते तरी माहीत पाहिजे."

ह्या वादाला काही शेवट नव्हता, पण तोपर्यंत तो वादच होता. चहा पिता पिता चालायचा. तिची बघण्याची एक रीत होती, माझी दुसरी. मला वाटायचं, चालायचंच.

मी लग्नाला गेले आणि तिनं माझ्या माघारी वाद संपवून टाकला.

शेडमधून वर गेले तर मैत्रीण पडद्यांचं माप घेत होती. मला बघून खरोखर आनंदली.

"सरप्राइज!" ती म्हणाली. "कसं वाटतंय? मिस्टरांनी कर्ज काढलं. ऑल-इन-वन आहेत सगळे. त्या स्क्रीनच्या आतच कॉम्प्युटर आहे."

"माझी मशीन शेळीजवळ ठेवलीस."

"अगं, तात्पुरती. भंगारवाल्याला फोन केलाय, जे येईल ते तुझंच."

"आणि माझी भागीदारी?"

ती हसून म्हणाली, "आता मशीनही माझीच झाली ना. पण तू शिकवायला ये की. आपण पगार ठरवू."

पगार ठरवू! दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, तिच्या घरी पाहुणे होते, आणि मला वाटलं, एकदा गर्दी ओसरू दे, मग नीट बोलू. मी साडी नेसून उद्घाटनाला गेले. गावातली मंडळी, पालक, आमची जुनी मुलं-मुली, सगळे होते. तिनं माइक घेतला. जागा कशी मोकळी केली, टेबलावर नको ते काही नसलं की डोकं कसं शांत राहतं, हे छान बोलली. आणि मग म्हणाली, "आधी इथं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. भंगाराचं दुकान!" लोक हसले. तिनं माझ्याकडे हात केला. "आणि ह्या आमच्या भंगारवाल्या मॅडम. त्यांना वायरीशिवाय झोप येत नाही."

आता सगळे मोकळेपणानं हसले. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं हसली. मी पण हसले, कारण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. पेढा हातात दिला गेला तो मी तसाच मुठीत धरला, आणि घरी आल्यावर बघितलं तर त्याचा चिखल झाला होता.

त्या दिवशी मी ठरवलं. हिला दाखवायचं. कसं ते माहीत नव्हतं, पण सोडायचं नाही.

नवरा म्हणाला, "अगं, तिची जागा आहे. तिनं काय करायचं ते तिनं ठरवावं."

"जागा तिची आहे. चारचौघांत माझं हसं करायचा हक्क तिचा नव्हता."

"मग काय करणार?"

"समोर क्लास टाकणार."

समोर म्हणजे अगदी समोर. रस्त्यापलीकडे बॅटरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली रिकामी होती, रस्त्याच्या बाजूला सगळी काच. मी ती भाड्यानं घेतली. मग टेम्पो आणला, आणि मुद्दाम तिची सकाळची बॅच सुटायच्या वेळी आणला. मुलं पायरीवर उभी राहून बघत होती, ती आतून काचेतून बघत होती, आणि मी एकेक डबा छातीशी धरून शेडातून टेम्पोत नेत होते. सासू मागून पोतं घेऊन आली.

"वायरी राहिल्यात की तुझ्या," म्हातारी म्हणाली, आणि सुनेच्या देखत ते पोतं तिनं स्वतः टेम्पोत टाकलं.

वर नेल्यावर मी प्रत्येक डब्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढून टाकलं. त्या जागी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापून बसवला. आत लाल-निळे दिवे असलेले पंखे लावले. आणि सगळे डबे टेबलाखाली न ठेवता काचेला लागून ओळीनं मांडले, उघडी बाजू रस्त्याकडे करून. अंधार पडला की माझी काच अशी पेटायची की कंपनीच्या बसमधले लोक माना वळवून बघायचे. तिच्या पांढऱ्या भिंतींवर त्याचा लाल उजेड पडायचा. तो तिथपर्यंत पोचतो की नाही हे मी स्वतः रस्त्यावर उभी राहून तपासलं होतं.

आमच्या क्लासचा मोबाइलवरचा ग्रुप मी सुरू केलेला, त्यामुळे ॲडमिन मी होते. त्यात सगळे विद्यार्थी होते, सगळे पालक होते. मी ग्रुपचं नाव बदलून माझ्या नव्या क्लासचं नाव टाकलं. पत्ता टाकला. आणि ग्रुपमधून फक्त एक माणूस काढला.

तिचा लगेच फोन आला. "हे काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "जरा मोकळं केलं. नको ते काढून टाकलं."

तिनं फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. खरं सांगते, त्या दिवशीची भाकरी मला जितकी गोड लागली तितकी कधी लागली नसेल.

महिनाभरात तिच्याकडचा एक किस्सा माझ्या कानावर आला. एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारे गृहस्थ मुलीला घेऊन तिच्याकडे चौकशीला गेले होते. सगळं बघून झाल्यावर ते म्हणाले, "टीव्ही झकास आहेत मॅडम. कॉम्प्युटर कुठंयत?" तिनं समजावलं की ह्यातच कॉम्प्युटर आहे. त्यांनी स्क्रीनच्या मागे वाकून बघितलं, मान हलवली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. माझे डबे बघून त्यांचा चेहरा खुलला. "हां, आता कसं!" म्हणाले आणि तिथल्या तिथं मुलीचं नाव घातलं.

मी तेच वाक्य उचललं. मोठा फ्लेक्स छापून काचेच्या वर लावला: इथे कॉम्प्युटर दिसतो. तिच्या दारातून बाहेर पडलं की पहिलं तेच दिसेल, अशा उंचीवर.

तिच्या मशीननी मला आणखी हात दिला. सगळे कीबोर्ड आणि माऊस बिनवायरचे. झाडलोट करणारी बाई टेबलं पुसताना कीबोर्ड उचलायची आणि परत ठेवताना अदलाबदल व्हायची. मग पहिल्या टेबलावरची मुलगी स्वतःचं नाव टाइप करायची आणि ते तिसऱ्या टेबलावर उमटायचं. सुरू करायचं बटण खालच्या कडेला मागे, चपटं, रंगही पांढराच. मुलं बोटांनी चाचपडत राहायची. हे सगळं मला माझ्याकडे आलेल्या मुलांकडून कळायचं, आणि मी कधीच म्हटलं नाही की जाऊ दे, दुसऱ्याच्या घरचं कशाला सांगता. उलट चहा पाजून विचारायचे, अजून काय झालं?

पण सगळंच माझ्या मनासारखं झालं असं नाही. माझ्याकडची एक हुशार मुलगी, राजगुरुनगरहून बसनं येणारी, एक दिवस म्हणाली, "मॅडम, मी तिकडं जाते. राग मानू नका. तिकडं बसलं की डोकं शांत राहतं. इथं दिव्यांनी माझं लक्षच लागत नाही." मी वरवर ठीक आहे म्हटलं. ती रस्ता ओलांडून पांढऱ्या दारातून आत जाताना मी काचेतून बघत होते आणि मला असं झालं की जाऊन तिचा हात धरून परत आणावं. तिच्यासारखी अजून काही तिकडंच राहिली. पुढं कंपन्यांच्या ऑफिसात बसायची स्वप्नं असलेल्या मुलांना तिची खोली आवडायची. मी दिवे कमी केले नाहीत. केले असते तर ती बरोबर ठरली असती.

पावसाळा संपता संपता रस्त्यावरच्या विजेच्या डीपीवर काहीतरी बिघाड झाला आणि आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अचानक जास्त व्होल्टेज आलं. माझ्याकडे डब्यांतून फट-फट आवाज आले आणि जळका वास सुटला. समोर आवाज झाला नाही. नुसते सगळे पांढरे स्क्रीन काळे पडले.

माझ्या मशीनमध्ये आत येणारी वीज सांभाळणारा एक वेगळा डबा असतो, एसएमपीएस म्हणतात. जळाला तर तेवढाच बदलायचा. मी पुण्याला तपकीर गल्लीत, सुट्या भागांच्या बाजारात जाऊन पिशवी भरून एसएमपीएस आणले आणि स्क्रू फिरवत बसले. सगळं चालू झालं. तिच्या मशीनचं काही उघडताच येत नव्हतं. अख्खं मशीन खोक्यात भरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचं, ते पुढं कुठंतरी पाठवणार. परत कधी येणार, कुणी सांगत नव्हतं.

आणि सरकारी सर्टिफिकेटची परीक्षा तोंडावर होती. परीक्षा केंद्राची मान्यता तिच्या जागेला होती, आमच्या भागीदारीच्या काळापासूनची. माझ्या मुलांचे फॉर्मही तिच्याच केंद्रातून भरलेले, कारण माझी मान्यता अजून यायची होती. म्हणजे तिच्या खोलीत मशीन नसती तर परीक्षा माझ्याही मुलांची बुडणार होती. मशीन तर मी देणारच होते. पण ते तिला आधीच कशाला कळू द्यायचं?

पहिल्यांदा तिनं सासूला पाठवलं. म्हातारी जिना चढून आली, धापा टाकत खुर्चीवर बसली.

"ती म्हनती, परीक्षेपुरती तुजी मशिनं दे."

"ती म्हणते तर तिला येऊ दे ना, मामी. तुम्ही कशाला चढलात?"

"तिला लाज वाटती."

"वाटू दे की."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "व्हय, वाटू दे. पर लेकरांचं बघ गं बाई," आणि सावकाश खाली उतरली.

संध्याकाळी मैत्रीण आली. किती महिन्यांनी ती माझ्यासमोर उभी होती. मी बस म्हटलं नाही.

"तुला काय पाहिजे ते बोल," ती म्हणाली. "भाडं देते."

"भाडं नको. मशीन तू स्वतः न्यायची. माणसं नाही, मिस्टर नाहीत. तू. एकेक करून. आणि बॅच सुटायच्या वेळेला."

"आणि?"

"आणि परीक्षेच्या दिवशी सगळ्या पालकांसमोर सांगायचं, ही मशीन कुणाची आहेत."

तिनं खिडकीतल्या त्या लाल दिव्यांकडे एकदा बघितलं. मग तिनं ओढणी कमरेला बांधली आणि पहिला डबा उचलला.

चाकणचा रस्ता ओलांडायचा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. कंटेनर, कांद्याचे ट्रक, बस, मध्येच घुसणाऱ्या दुचाक्या. ती डबा पोटाशी धरून मधोमध थांबायची, गाड्या हॉर्न द्यायच्या, ती पुढं सरकायची. दोन्ही क्लासची मुलं दोन्ही बाजूंना उभी होती. कुणीतरी मदतीला पुढं झालं तर मीच वरून ओरडले, "राहू दे, मॅडमना जमतं!" तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर काळे पट्टे उमटले, ते मी वरून मोजले नाहीत पण डोळे भरून बघितले. ती एकदाही वर बघत नव्हती. तिनं एकदा तरी माझ्याकडे बघावं, असं मला वाटत होतं.

मशीन जोडायला मी गेले. मुद्दाम वायरी मोकळ्या सोडल्या. तिच्या त्या गुळगुळीत टेबलांवर माझे काळे डबे ठेवले, वायरी पुढच्या बाजूनं लोंबू दिल्या, एक्स्टेन्शन बोर्ड खोलीच्या मधोमध टाकले. नीट करता आलं असतं. केलं नाही. ती भिंतीला टेकून बघत होती. तिला हे बघणं किती जड जातंय ते मला ठाऊक होतं, आणि मी काम सावकाश केलं.

परीक्षेच्या सकाळी पालक जमले. मी पुढं उभी राहिले, सगळ्यांना दिसेन अशी. तिनं घसा साफ केला.

"आपली मशीन बंद पडली आहेत," ती म्हणाली. "आज परीक्षा होतेय ती ह्यांच्या मशीनवर." तिनं माझं नाव घेतलं. इतकंच ठरलं होतं. मला वाटलं, झालं, आता गप्प बसेल, खाली मान घालेल. पण ती पुढं बोलायला लागली. "मी ह्याच मशीनना इथं सगळ्यांसमोर भंगार म्हटलं होतं. ह्यांनाही नको ते बोलले होते. तेव्हा तुम्ही हसला होतात. माझं चुकलं. ही मशीन मी काल स्वतः उचलून आणली आहेत."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी. एक आजोबा म्हणाले, "मोठं मन आहे बाई तुमचं." फोर्कलिफ्टवाल्या गृहस्थांनीसुद्धा मान डोलावली. मी तिथं उभी, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी तिला खाली मान घालायला लावलं होतं आणि ती त्यातूनच वर आली. आजही सांगते, इतका संताप मला त्या उद्घाटनाच्या दिवशीही आला नव्हता.

परीक्षा नीट पार पडली. माझी मुलं पास झाली, तिचीही झाली. ती राजगुरुनगरची मुलगी सगळ्यांत वर आली, तेही माझ्याच मशीनवर. पण ते मी कुणाला सांगायला गेले नाही, कारण ती माझी विद्यार्थिनी राहिली नव्हती.

दोन दिवसांनी ती मशीन परत घेऊन आली. पुन्हा स्वतःच, न सांगता. एकेक डबा जिना चढून वर आणत होती. सगळे पुसलेले, आतल्या पंख्यांवरची धूळसुद्धा ब्रशनं काढलेली. वायरी पोत्यात कोंबलेल्या नव्हत्या. प्रत्येक वायर गोल गुंडाळली होती आणि जुन्या पांढऱ्या साडीच्या पट्ट्या फाडून प्रत्येकीला गाठ मारलेली होती. इतक्या सारख्या गाठी, की कारखान्यातल्या आमच्या सुपरवायझरनं पाठ थोपटली असती.

ती दारात उभी राहिली. म्हणाली, "बघ, नीट आहेत ना सगळ्या?"

मी टेबलावरची कात्री घेतली. पहिली पट्टी कापली. वायर सुटून पसरली. मग दुसरी. मग तिसरी. मी एकेक करून सगळ्या कापल्या, सगळ्या वायरी जमिनीवर ढीग करून टाकल्या, आणि ती तिथं उभी राहून शेवटची पट्टी कापेपर्यंत बघत राहिली. मग ती जिना उतरून गेली.

नवऱ्याला मी हे सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "एवढं करायची गरज होती?"

"होती."

"मग झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

तिचे स्क्रीन दुरुस्त होऊन आले तोवर तिच्याकडे फारशी मुलं उरली नव्हती. पुढच्या वर्षी तिनं क्लास बंद केला आणि गाळा गादीवाल्याला दिला. मला मान्यता मिळाली. आता माझी शेजारचीही खोली घेतलेली आहे. पण तिचं वाटोळं झालं असं म्हणाल तर तसं नाही. ती मावसभावाच्या ओळखीनं माण, हिंजवडीकडच्या ऑफिसांची टेबलं, बसायच्या जागा लावून द्यायची कामं घेते. लोक सांगतात, चांगलं चाललंय. गाडी घेतली आहे. रंग पांढराच.

ती गाडी मला मागच्या महिन्यात तळेगाव चौकात भेटली. मी स्कूटरवर, तोंडाला स्कार्फ. ट्रॅफिक पूर्ण अडकलेलं. मागे कंटेनर, पुढे कंटेनर, आणि बाजूला ती. तिनं मला स्कार्फमधूनही ओळखलं. काच खाली केली.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

ना तिला पुढं जाता येत होतं, ना मला. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, कुणी हललं नाही. ड्रायव्हर लोक खाली उतरून सिगरेटी ओढायला लागले. आम्ही दोघी हातभर अंतरावर समोर बघत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "त्या पट्ट्या कापायला नको होत्यास."

"कापल्या," मी म्हटलं. "बरं वाटलं."

"ती माझ्या आईची साडी होती."

हे मला माहीत नव्हतं. तिची आई आमचा क्लास सुरू झाला त्याच्या आधीच गेलेली. मी हँडलवरचा हात काढून स्कार्फ नीट केला. काहीतरी म्हणायला हवं होतं, ते तोंडापर्यंत आलंही. पण मग मला शेडातल्या त्या लेंड्या आठवल्या, आणि माझ्याकडे केलेला तो हात.

"मग ती वायरींना कशाला बांधलीस?" मी म्हटलं.

मग तिनं काच वर घेतली. थोड्या वेळानं पुढचा कंटेनर हलला, तिची गाडी पुण्याकडे वळली, मी डावीकडे वळले. मला उशीर झाला होता, दुपारच्या बॅचची मुलं जिन्यात ताटकळत उभी होती.